प्रशिक्षकाचा शब्द: हायस्कूलमधून कॉलेज फुटबॉलपर्यंतची वाट

प्रारंभीच एक खुलासा करणे आवश्यक आहे. या लेखात फुटबॉल म्हणजे हेल्मेट आणि खांद्यांचे पॅड चढवून खेळला जाणारा अमेरिकी फुटबॉल. ज्याला फुटबॉल म्हणत आपण लहानाचे मोठे झालो त्याला येथे सॉकर म्हणतात आणि त्याच्या निवडीची रीत पुष्कळ निराळी आहे. न्यू जर्सी, टेक्सास किंवा कॅलिफोर्नियातील एखाद्या हायस्कूलच्या संघात ज्या मराठी घरातला मुलगा खेळू लागला आहे, ज्याचे आई-वडील शुक्रवारच्या रात्री थर्मासमध्ये चहा घेऊन गॅलरीत बसू लागले आहेत आणि ज्याने एके दिवशी जेवताना ‘मला कॉलेजातही खेळायचे आहे’ असे सांगून घरच्यांना विचारात पाडले आहे, अशा कुटुंबासाठी हे मार्गदर्शन आहे.

महाराष्ट्रातील शालेय खेळाची शिडी आपल्या ओळखीची असते. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या, त्यांच्या निवड चाचण्या, त्यांची प्रमाणपत्रे आणि त्या प्रमाणपत्रांवर दहावी-बारावीला मिळणारे सवलतीचे गुण. अमेरिकी फुटबॉलमध्ये अशी शिडी नाही. ‘ऑल-स्टेट’ सारखे सन्मान असतात, परंतु ते हंगाम संपल्यावर जाहीर होतात आणि त्यांच्या बळावर कॉलेजचे दार उघडत नाही. कॉलेजला तीन गोष्टी हव्या असतात: सामन्यांचे चित्रण, अभ्यासाचे गुणपत्रक आणि या दोन्हींत न दिसणाऱ्या गोष्टींविषयी कोणा जाणकाराचा विश्वासाचा शब्द. तो शब्द हायस्कूलचे प्रशिक्षक टाकतात. मराठीत ‘शब्द टाकणे’ याला जो अर्थ आहे तोच येथेही आहे, आणि शब्द टाकणाऱ्याची पत त्यात गुंतते हेही तसेच आहे. प्रशिक्षकांकडे दलाल म्हणून न पाहता जामीनदार म्हणून पाहिले, तर पुढची प्रत्येक पायरी समजायला सोपी जाते.

बास्केटबॉलमध्ये उन्हाळ्यातील क्लब संघांचे वजन एवढे वाढले आहे की शाळेचे प्रशिक्षक अनेकदा बाजूला पडतात. फुटबॉलमध्ये तसे घडलेले नाही. सेव्हन-ऑन-सेव्हनच्या (प्रत्येकी सात खेळाडूंच्या, पॅडशिवाय खेळल्या जाणाऱ्या) स्पर्धा आणि खाजगी शिकवण्या वाढल्या असल्या, तरी पूर्ण पोशाखातील, अंगावर धडकणारा खरा खेळ मुलगा शाळेच्या संघातूनच खेळतो; त्यामुळे चित्रणही शाळेचे आणि साक्षही शाळेच्याच प्रशिक्षकांची.

पहिली पायरी: प्रशिक्षकांचे काम आणि त्यांची मर्यादा समजून घ्या

बहुतेक हायस्कूल प्रशिक्षक हे मुळात शिक्षक असतात. दिवसा इतिहास किंवा शारीरिक शिक्षण शिकवायचे, दुपारनंतर साठ-सत्तर, मोठ्या शाळेत शंभराहून अधिक मुलांचा सराव घ्यायचा आणि शनिवार-रविवारी पुढच्या प्रतिस्पर्ध्याचे चित्रण पाहायचे, असा त्यांचा आठवडा असतो. टेक्सासमधील मोठ्या शाळांत मुख्य प्रशिक्षक पूर्णवेळ त्याच कामावर असल्याचे दिसते, पण तो सर्वत्र लागू पडणारा नमुना नव्हे. कॉलेजसाठी मुले पाठवणे हे त्यांच्या नेमणुकीतले एक काम असेल, नसेलही. त्यासाठी ते पालकांकडून पैसे घेत नाहीत आणि कोणतेही वचन देऊ शकत नाहीत.

त्यांची खरी मर्यादा मात्र वेळेची नसून विश्वासार्हतेची आहे. एखाद्या प्रशिक्षकांनी कॉलेजला सांगितले की आमचा लाइनबॅकर (बचावाच्या पुढच्या फळीमागे उभा राहणारा खेळाडू) सहा फूट दोन इंच आहे, आणि उन्हाळी शिबिरात फूटपट्टी लावल्यावर तो सहा फूटच भरला, तर त्या मुलाचे नुकसान एका दुपारपुरते होते. पण पुढच्या वर्षी त्याच प्रशिक्षकांनी दुसऱ्या मुलाविषयी जे सांगितले, त्यातूनही दोन इंच वजा करून ऐकले जाते. म्हणून चांगले प्रशिक्षक प्रत्येक मुलासाठी सारख्याच उत्साहाने फोन करत नाहीत. ‘त्याच्यासाठी केला, मग आमच्यासाठी का नाही’ ही पालकांची नेहमीची तक्रार असते आणि तिचे उत्तर बहुधा येथेच सापडते.

आकडेही एकदा शांतपणे पाहून घ्यावेत. अमेरिकेत हायस्कूलमध्ये हा खेळ खेळणारी मुले सुमारे दहा लाख आहेत. त्यांपैकी एनसीएए या कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या कोणत्या ना कोणत्या विभागात शंभरातील साधारण सात जण पोहोचतात आणि डिव्हिजन वन या सर्वांत वरच्या विभागात तिघांच्या आसपास. भारतीय वंशाची मुले त्यांत विरळच असतात. तरीही वडिलांच्या बाजूने भारतीय असलेला ब्रँडन चिलार कॅलिफोर्नियातील हायस्कूलमधून यूसीएलए या विद्यापीठात आणि तेथून २००४ साली एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये गेला, हे उदाहरण नोंदलेले आहे.

दुसरी पायरी: दहावीचा हंगाम संपल्यावर एक भेट मागा, आणि बोलू द्या मुलाला

हंगाम चालू असताना ही भेट मागू नये. शेवटचा सामना होऊन दोन-तीन आठवडे गेल्यावर मुलाने स्वतः प्रशिक्षकांकडे जाऊन वीस मिनिटे मागावीत आणि आई-वडिलांपैकी एकाने किंवा दोघांनी सोबत बसावे. आपल्याकडील पद्धत अशी की वडील बोलतात आणि मुलगा खाली मान घालून बसतो. येथे त्याचा नेमका उलटा परिणाम होतो, कारण हा मुलगा उद्या कॉलेजच्या प्रशिक्षकांसमोर एकटा बोलू शकेल का, हे शाळेचे प्रशिक्षक त्याच वेळी जोखत असतात. संबोधनाचे फार अवडंबर नाही. ‘सर’ चालते, दक्षिणेकडील राज्यांत तर आवडतेही, पण ‘कोच’ हे एवढे एकच संबोधन सर्वत्र पुरेसे आदराचे मानले जाते. पहिल्या नावाने मात्र कधीही हाक मारू नये.

भेटीत विचारण्याचा मुख्य प्रश्न ‘स्कॉलरशिप मिळेल का’ हा नाही. तो पहिल्याच भेटीत विचारला की समोरचा माणूस सावध होतो आणि गुळमुळीत उत्तर देतो. त्याऐवजी विचारावे: ‘आज जसा आहे तसा हा कोणत्या पातळीवर खेळू शकेल असे आपल्याला वाटते? वरच्या पातळीसाठी त्याच्यात नेमके काय कमी आहे? कॉलेजात त्याची जागा बदलेल का?’ शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण हायस्कूलमध्ये डिफेन्सिव्ह एंड (बचावाच्या पुढच्या फळीच्या टोकाचा खेळाडू) म्हणून गाजणारा पाच फूट अकरा इंचांचा मुलगा कॉलेजच्या मोजमापात लाइनबॅकरही ठरेल की नाही, हे प्रशिक्षकांना ठाऊक असते आणि पालकांना नसते. उत्तर कडू असेल. ते ऐकून घ्यावे, वाद घालू नये आणि घरी परतल्यावर लिहून ठेवावे.

पातळ्या थोडक्यात अशा आहेत. डिव्हिजन वनचे दोन भाग आहेत, वरचा एफबीएस आणि त्याखालचा एफसीएस. अलाबामा, मिशिगन, टेक्सास ही टीव्हीवर दिसणारी नावे पहिल्या भागातली. डिव्हिजन टूमध्ये बहुधा शिष्यवृत्तीचे तुकडे करून अनेकांना वाटले जातात, तर डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही. गरजेनुसार किंवा अभ्यासातील गुणांवर आर्थिक मदत मिळते. याशिवाय एनएआयए ही वेगळी संघटना आणि दोन वर्षांची ज्युनियर कॉलेजे आहेत. एफबीएसमध्ये पूर्वी एका संघात ८५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या हाउस खटल्याच्या (कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्याविषयीच्या) तडजोडीनंतर ती तडजोड स्वीकारणाऱ्या कॉलेजांना शिष्यवृत्त्यांऐवजी एकूण १०५ खेळाडूंची मर्यादा लागू झाली.

येथे माझे स्वतःचे मत नोंदवतो. मराठी घरांमध्ये डिव्हिजन थ्री हे नाव ऐकताच ‘म्हणजे तिसऱ्या दर्जाचे’ असा समज होतो, आणि तो फार महागात पडतो. एमआयटी, जॉन्स हॉपकिन्स, कार्नेगी मेलन, शिकागो विद्यापीठ या सर्वांचे फुटबॉल संघ डिव्हिजन थ्रीमध्ये खेळतात. हार्वर्ड-येल यांची आयव्ही लीग एफसीएसमध्ये आहे, आणि तेथेही खेळाची शिष्यवृत्ती नसते. ज्या मुलाचे गणित भक्कम आहे आणि ज्याची उंची एफबीएसच्या मापात बसत नाही, त्याच्या बाबतीत प्रशिक्षकांनी ही नावे काढली तर तो अपमान समजू नये.

तिसरी पायरी: गुणपत्रक प्रशिक्षकांच्या हाती वेळेवर द्या

वसंत ऋतूत कॉलेजचे प्रशिक्षक शाळेच्या कचेरीत येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा खेळाविषयी नसतो. ‘तुमच्याकडे पात्र ठरतील अशी कोणती मुले आहेत?’ हा तो प्रश्न असतो. ज्याचे गुणपत्रक प्रशिक्षकांच्या टेबलावर तयार आहे, त्याचे नाव पुढे येते. ज्याचे काउन्सेलरकडून (विषयनिवड आणि कॉलेज प्रवेश पाहणाऱ्या शाळेच्या सल्लागाराकडून) मागवावे लागेल, त्याचे नाव ‘नंतर पाठवतो’ म्हणून मागे राहते.

डिव्हिजन वनसाठी एनसीएए एलिजिबिलिटी सेंटर सोळा कोअर कोर्स मागते: इंग्रजीची चार वर्षे, अल्जेब्रा वन किंवा त्यापुढच्या गणिताची तीन, विज्ञानाची दोन, या तिन्हींपैकी आणखी एक, सामाजिक शास्त्रांची दोन आणि मान्य यादीतील इतर चार. यांतील दहा कोर्स बारावी सुरू होण्यापूर्वी पूर्ण व्हावे लागतात, आणि त्या दहांपैकी सात इंग्रजी, गणित किंवा विज्ञानाचे असावे लागतात. या सोळा विषयांची सरासरी (चारपैकी) डिव्हिजन वनसाठी किमान २.३ आणि डिव्हिजन टूसाठी २.२ लागते. एसएटी किंवा एसीटीची सक्ती एनसीएएने २०२३ च्या जानेवारीत काढून टाकली, परंतु कॉलेजचे प्रवेश कार्यालय ती मागू शकते. आपल्या घरांतील मुलांना २.३ चा अडसर सहसा जाणवत नाही. अडचण येते ती दुसऱ्याच ठिकाणी: एखादा विषय शाळेच्या मान्य यादीतच नसतो, किंवा एखादा ऑनलाइन कोर्स एनसीएए धरत नाही. म्हणून दहावीतच काउन्सेलरसोबत बसून यादी पडताळावी. अठरा वर्षांखालील मुलाचे गुणपत्रक बाहेर देण्यासाठी पालकांची लेखी संमती लागते; ती एकदाच सही करून प्रशिक्षकांकडे ठेवावी.

सोबत एक पानाची माहितीपत्रिका द्यावी. तीत हायस्कूल पूर्ण होण्याचे वर्ष, जर्सी क्रमांक, खेळण्याची जागा, खरी उंची आणि खरे वजन, सरासरी गुण, मुलाचा आणि पालकांचा फोन, काउन्सेलरचा ईमेल, चित्रणाचा दुवा आणि तो खेळत असलेले इतर खेळ, एवढेच असावे. इतर खेळांना कमी लेखू नये. शंभर मीटर धावण्याची स्पर्धेतील नोंदलेली वेळ ही हातातल्या घड्याळावर घेतलेल्या ‘फॉर्टी’पेक्षा (चाळीस यार्ड धावण्याच्या वेळेपेक्षा) जास्त विश्वासार्ह मानली जाते, आणि लाइनमनने (पुढच्या फळीतल्या धिप्पाड खेळाडूने) गोळाफेक केली असेल तर कॉलेजचे प्रशिक्षक ती आवर्जून विचारतात.

चौथी पायरी: चित्रण

नेब्रास्कातील लिंकन येथे २००६ साली सुरू झालेली हडल ही सेवा आज बहुतेक हायस्कूल वापरतात. सामन्याचे संपूर्ण चित्रण संघाच्या खात्यावर प्रशिक्षक चढवतात आणि मुलगा त्यातून निवडक खेळी वेगळ्या काढून आपली हायलाइट तयार करतो. ती तीन ते चार मिनिटांची असावी, सर्वांत चांगल्या पाच-सहा खेळी प्रारंभीच याव्यात, आणि खेळी सुरू होण्यापूर्वी बाणाने किंवा वर्तुळाने मुलगा कोणता ते दाखवावे. संगीत, हळू गतीची दृश्ये आणि फटाक्यांसारखी अक्षरे यांचा मोह आवरावा. पाहणारा माणूस एका संध्याकाळी अशा कितीतरी चित्रफिती पाहतो आणि पहिल्या वीस सेकंदांतच पुढे जायचे की थांबायचे हे ठरवतो.

हायलाइट आवडली की कॉलेज संपूर्ण सामने मागते, आणि ते प्रशिक्षकांकडूनच मिळतात. खेळी मुलाकडे आलीच नाही तेव्हा तो काय करत होता, चूक झाल्यावर मान खाली घालून परतला की पुढच्या जागेवर धावत गेला, हे तेथे दिसते. म्हणून हायलाइट तयार झाल्यावर ती कोठेही पाठवण्यापूर्वी प्रशिक्षकांना दाखवावी आणि कोणत्या दोन सामन्यांचे पूर्ण चित्रण द्यावे हेही त्यांनाच ठरवू द्यावे. दुबळ्या संघाविरुद्धचा मोठ्या आकड्यांचा सामना पालकांना आवडतो. प्रशिक्षक बहुधा बलाढ्य संघाविरुद्धचा, प्रसंगी हरलेलाही सामना निवडतात, आणि ते बरोबर असते.

पाचवी पायरी: नियमांचे वेळापत्रक, आणि त्यात शाळेच्या प्रशिक्षकांची जागा

नवख्या पालकांना सर्वाधिक गोंधळात टाकणारा भाग हा आहे. डिव्हिजन वन फुटबॉलमध्ये कॉलेजचे प्रशिक्षक अकरावीच्या १ सप्टेंबरपूर्वी मुलाला वैयक्तिक ईमेल, मेसेज किंवा भरतीचे साहित्य पाठवू शकत नाहीत. त्याआधी येणारी पत्रे ही शिबिराची जाहिरात किंवा माहितीची प्रश्नावली एवढीच असतात. वर्षाचे चार प्रकारच्या काळांत विभाजन केलेले असते. कॉन्टॅक्ट काळात कॉलेजचे प्रशिक्षक मुलाला शाळेत किंवा घरी भेटू शकतात. इव्हॅल्युएशन काळात ते शाळेत येऊन सराव पाहू शकतात, पण कॉलेजच्या आवाराबाहेर मुलाशी भरतीविषयी समोरासमोर बोलू शकत नाहीत. क्वाएट काळात भेट फक्त कॉलेजच्या आवारात होते. डेड काळात प्रत्यक्ष भेट कोठेच होत नाही. फोन आणि लेखी संपर्क मात्र चालू राहतो. तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून त्या एनसीएएच्या त्या वर्षीच्या वेळापत्रकातच पाहाव्यात.

ही बंधने मुलाशी होणाऱ्या संपर्कावर आहेत. शाळेच्या प्रशिक्षकांशी बोलायला कॉलेजला इतकी आडकाठी नसते. परिणामी दहावीतल्या मुलाविषयी एखाद्या कॉलेजला काय वाटते, हे घरात कोणालाही कळण्यापूर्वी शाळेच्या कचेरीत पोहोचलेले असते. ‘तुमच्या मुलावर त्यांची नजर आहे, जूनमध्ये त्यांच्या शिबिराला जा’ असे प्रशिक्षकांनी सहज म्हटले, तर ते सहज म्हटलेले नसते.

एप्रिल-मेमध्ये कॉलेजचे प्रशिक्षक गावोगाव फिरतात. एका दिवसात चार-पाच शाळा उरकायच्या असल्यामुळे प्रत्येक ठिकाणी त्यांच्याकडे अर्धा-पाऊण तास असतो. त्या अर्ध्या तासात जे विचारले जाते, ते पालकांनी समजून घेतले तर वर्षभराचे वागणे आपोआप सुधारेल. मुलगा सकाळी सहाच्या व्यायामाला वेळेवर येतो का? दुखापत झाली होती ती पूर्ण बरी झाली का? संघातून बाहेर बसवल्यावर कसा वागला? शिपायाशी, स्वच्छता कर्मचाऱ्यांशी कसा बोलतो? घरचे कसे आहेत? शेवटचा प्रश्न पालकांविषयी आहे आणि तो खरोखरच विचारला जातो. गॅलरीतून प्रशिक्षकांच्या नावाने ओरडणारे वडील किंवा प्रत्येक सामन्यानंतर रात्री अकराला ईमेल पाठवणारी आई यांची कीर्ती मुलाच्या आधी कॉलेजात पोहोचते. खेळायला कमी वेळ मिळाला अशी तक्रार असेल, तर ती निदान एक दिवस थांबून, मुलानेच, शांतपणे प्रशिक्षकांसमोर मांडावी. इतर मुलांची तुलना त्यात आणू नये.

टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया अशा राज्यांत वसंतात पॅडसह सराव होतो, त्यामुळे कॉलेजच्या माणसाला मुलगा प्रत्यक्ष खेळताना दिसतो. न्यू जर्सीसारख्या राज्यांत तो नसतो. तेथे कॉलेजचा माणूस मुलाला वजने उचलण्याच्या खोलीत, ट्रॅकवर किंवा शाळेच्या बोळात चालताना पाहतो, आणि म्हणून प्रशिक्षकांच्या बोलण्यावर अधिक विसंबतो.

सहावी पायरी: पत्रे आणि शिबिरे

प्रशिक्षकांनी सांगितलेल्या पातळीनुसार वीस-पंचवीस कॉलेजांची यादी करावी; दोन-चार स्वप्नातली, बहुतेक आवाक्यातली आणि काही नक्की जमतील अशी. ईमेल मुलाने स्वतःच्या नावाने, त्या भागाची भरती पाहणाऱ्या किंवा त्याच्या जागेचे प्रशिक्षण देणाऱ्या व्यक्तीला लिहावी. पाच-सहा वाक्ये पुरतात: मी कोण, कोणत्या वर्षी बाहेर पडणार, माझी मापे आणि गुण, तुमच्याच कॉलेजकडे मी का पाहतो, हा चित्रणाचा दुवा आणि हे माझ्या प्रशिक्षकांचे नाव व फोन. प्रत शाळेच्या प्रशिक्षकांना जावी, म्हणजे पलीकडून फोन आला तर त्यांना आश्चर्य वाटणार नाही. यादीतील सात-आठ कॉलेजांना स्वतः फोन करण्याची विनंती प्रशिक्षकांना करता येते. पंचवीसच्या पंचवीसांना करा म्हणणे योग्य नव्हे.

शिबिरांवर पैसे फार सहज वाहून जातात. ‘तुमची खास निवड झाली आहे’ अशी पत्रे हजारोंना जातात आणि ती ऑफर नसते, निवडही नसते. कोणत्या शिबिराला जायचे हे ठरवताना शाळेच्या प्रशिक्षकांना एवढेच विचारावे की तेथील कोणी आपल्या मुलाचे नाव घेऊन त्यांच्याशी बोलले आहे का. बोलले असेल तर जावे. जून महिन्यातील कॉलेजच्या आवारातील एका दिवसाच्या शिबिरात अनेक मुलांचे भवितव्य ठरते, कारण तेथे फूटपट्टी, घड्याळ आणि पारखणारा डोळा एकत्र असतात. बोलले नसेल, तर तेच विमानभाडे शिकवणीला खर्च केलेले बरे.

पैसे घेऊन प्रसिद्धी करून देणाऱ्या सेवांविषयीही प्रशिक्षकांचे मत आधी घ्यावे. त्यांतील काही माहितीची मांडणी नीट करून देतात, पण प्रशिक्षकांच्या फोनची जागा त्या घेऊ शकत नाहीत. मिळणाऱ्या शिष्यवृत्तीच्या रकमेवर मोबदला मागणाऱ्या माणसाशी करार केल्यास मुलाची पात्रताच धोक्यात येते.

सातवी पायरी: ऑफर आली, तर ती वाचायला शिका

तोंडी ऑफर कोणालाही बांधून ठेवत नाही; कॉलेजला नाही आणि मुलालाही नाही. ‘आज हो म्हटले तर स्वीकाराल का?’ हा प्रश्न विचारल्यावरच ती खरी आहे की नुसती नोंद आहे, हे कळते. हा प्रश्न कधी कधी शाळेचे प्रशिक्षक अधिक मोकळेपणाने विचारू शकतात. त्यांनी विचारण्यासारख्या आणखी दोन गोष्टी आहेत: या वर्षी हायस्कूलमधून एकूण किती मुले घेणार, आणि याच जागेसाठी किती? २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची एनसीएएची नोंदयादी) सुरू झाल्यापासून अनेक कॉलेजे अनुभवी, वयाने मोठे खेळाडू दुसऱ्या कॉलेजांतून घेतात, त्यामुळे हायस्कूलच्या मुलांसाठीच्या जागा आटल्या आहेत, आणि हे गणित पालकांना बाहेरून दिसत नाही.

‘प्रिफर्ड वॉक-ऑन’ म्हणजे संघात जागा आहे, पैसे नाहीत. डिव्हिजन थ्री आणि आयव्हीमध्ये ऑफर या शब्दाऐवजी ‘प्री-रीड’ ऐकू येईल: अकरावी संपल्यावरच्या उन्हाळ्यात मुलाचे गुणपत्रक प्रवेश कार्यालयाला आधीच दाखवून अंदाज घेतला जातो. त्यासाठीची कागदपत्रे काउन्सेलर आणि प्रशिक्षक या दोघांनी मिळून त्वरेने पाठवावी लागतात, आणि नेमक्या त्याच वेळी शाळेला सुट्टी असते. म्हणून मे महिन्यातच सर्व काही मागून ठेवावे. डिव्हिजन वन फुटबॉलमध्ये कॉलेजच्या खर्चाने होणाऱ्या अधिकृत भेटी अकरावीच्या १ एप्रिलपासून करता येतात.

सह्या बहुधा डिसेंबरच्या सुरुवातीच्या काळात होतात आणि राहिलेल्यांच्या फेब्रुवारीत. १९६४ पासून चालत आलेले ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’ हे कॉलेजशी बांधून घेणारे पत्र २०२४ मध्ये बंद झाले; आता आर्थिक मदतीच्या लेखी करारावरच सही होते. त्या करारातील रक्कम, कालावधी आणि दुखापतीविषयीची कलमे पालकांनी स्वतः वाचावीत. प्रशिक्षक वकील नव्हेत, आणि जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर मिळकत करण्याची मुभा मिळाल्यापासून कागद गुंतागुंतीचे झाले आहेत. हायस्कूलमध्ये असताना काय चालते हे प्रत्येक राज्याची क्रीडा संघटना वेगळे ठरवते.

प्रशिक्षकांकडून मदत मिळतच नसेल तर

असेही होते. प्रशिक्षक नवे असतात, शाळा आडबाजूला असते, किंवा त्यांना या कामात रस नसतो. अशा वेळी शाळा बदलण्याचा विचार पहिल्यांदा सुचतो, पण राज्य संघटनांचे स्थलांतराचे नियम कडक असतात आणि एक हंगाम बाहेर बसण्याची वेळ येऊ शकते. त्याआधी मुलाच्या जागेचे सहायक प्रशिक्षक, शाळेचे ॲथलेटिक डायरेक्टर किंवा ट्रॅकचे प्रशिक्षक यांपैकी कोणी बोलायला तयार आहे का, हे पाहावे. जामीनदार मुख्य प्रशिक्षकच असला पाहिजे असे नाही. त्याने मुलाला रोज पाहिलेले असले पाहिजे.

कॅलिफोर्नियाच्या शेतीच्या पट्ट्यातील फायरबॉ या लहान गावातून जॉश ॲलन हायस्कूल पूर्ण करून बाहेर पडला तेव्हा डिव्हिजन वनच्या एकाही कॉलेजने त्याला शिष्यवृत्ती देऊ केली नव्हती. तो रीडली येथील ज्युनियर कॉलेजात गेला, तेथे एक हंगाम खेळला आणि देशभरातील एफबीएस प्रशिक्षकांना स्वतः ईमेल पाठवत राहिला. अखेर वायोमिंगने त्याला घेतले आणि २०१८ मध्ये तो एनएफएलच्या निवडीत सातवा आला. हे उदाहरण पालकांना फार आवडते, परंतु त्यातून ‘प्रशिक्षक नसले तरी चालते’ असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. ज्युनियर कॉलेजातील एका वर्षाने त्याला नवे चित्रण आणि नवे साक्षीदार मिळवून दिले, आणि मगच ती पत्रे वाचली गेली.

निर्णय झाल्यावर

मुलाने होकार दिल्याच्या दिवशी, समाजमाध्यमांवर काहीही टाकण्यापूर्वी, तीन ठिकाणी कळवावे. ज्या कॉलेजला होकार दिला तेथे, मग शाळेच्या प्रशिक्षकांना समक्ष, आणि त्यानंतर ज्यांनी मनापासून रस दाखवला होता त्या इतर कॉलेजांच्या प्रशिक्षकांना फोनवर. हा तिसरा फोन मुलांना जड जातो आणि बरीच मुले तो टाळतात. मग दूरच्या कॉलेजचा माणूस दुसऱ्या दिवशी चिडून शाळेच्या प्रशिक्षकांनाच फोन करतो, आणि पुढच्या वर्षी त्या शाळेतल्या दुसऱ्या कोणा मुलासाठी शब्द टाकताना त्यांना आधी याच प्रसंगाचा खुलासा करावा लागतो. तो फोन मुलाने प्रशिक्षकांच्या कचेरीत त्यांच्यासमोर बसूनच करावा; आई-वडिलांनी त्या वेळी बाहेर गाडीत थांबावे.